ग्रामपंचायतीतले एकशेवीस तास

सप्रेम नमस्कार,

राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या आपल्या मुलीला दुसऱ्या सत्रातले ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, गावच्या ग्रामपंचायतीत करायचे आहे. ओळखीच्या कार्यालयातून घरबसल्या प्रमाणपत्र मिळत असताना तिने गावच्या राजकारणात कशाला पडावे, असे आपण विचारले आहे. ते प्रमाणपत्र कृपया घेऊ नका.

या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे १२० तास आहेत. असे कागदोपत्री तास भरलेला एक विद्यार्थी मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे आला होता. ‘तिथे रोज काय करत होतास?’ या साध्या प्रश्नावर तो मान खाली घालून बसला, आणि मला फार वाईट वाटले.

ग्रामपंचायतीत मुलीला नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही पाहता येईल, ग्रामसभेची नोटीस कशी निघते आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचे इतिवृत्त, कसे लिहिले जाते हे कळेल. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या माणसांत कोणते ठराव होतात, त्याआधीच्या महिला सभेत बायकांनी मागितलेले त्यांत उतरते का, हे तिने इतिवृत्ताची मागची पाने चाळून शोधावे. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर तिने परीक्षेत कितीही पाने लिहिली असली, तरी ही समज तिथेच येते.

आपली काळजी मात्र अनाठायी नाही. गावात दोन गट असतील, तर सरपंचांच्या कार्यालयात बसणारी मुलगी एका गटाची ठरते. शिवाय मतदार यादीत नाव असल्याने ती आपल्या ग्रामसभेची कायद्यानेच सदस्य आहे, आणि प्रशिक्षणार्थी म्हणून ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांनाच सदस्य म्हणून जाब विचारणे तिला अवघड जाईल. म्हणून तिने शेजारच्या गावची ग्रामपंचायत निवडावी आणि स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला नागरिक म्हणून जावे, पाणीपट्टीचा असो वा रस्त्याचा, एक तरी प्रश्न उभे राहून विचारावा.

महाविद्यालयाचे पत्र सरपंचांबरोबर गटविकास अधिकाऱ्यांनाही द्यावे, कामाची रोजची नोंद ठेवून त्या नोंदीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) सही घ्यावी, आणि त्या गावात निवडणूक लागलेली असेल तर दुसरे गाव पाहावे. पहिल्या दिवशी आपण स्वतः तिच्याबरोबर गेलात, तर तिला धीर येईल.