डोंगरातल्या स्नोमोबाईलला किती इंची ट्रॅक घ्यावा?

नाशिकहून कॅनडात कामाला गेलाय आणि 146, 154 की 165 असं विचारताय, तर डोळे झाकून 154 च्या आसपासचा घ्या. मी तिकडे दोन हिवाळे काढून नाशिकला परतलोय.

हा आकडा म्हणजे ट्रॅकचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या या गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचा, इंचातला पूर्ण घेर. इगतपुरीकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात ना, रुतू नये म्हणून? तेच गणित. पट्टा लांब तितका बर्फावर भार जास्त पसरतो, गाडी वर तरंगते, चढ घेते. पण 165 ची गाडी दाट झाडीत वळवताना खांदे भरून येतात. शिवाय लांब पट्टा फिरवायला ताकद लागते, आणि उंचीवर हवा विरळ, इंजिन तिथे आधीच दमतं. म्हणून 600 सीसीला 165 नकोच. तुमचं वजन शंभरीच्या पुढे असेल किंवा कंबरभर भुसभुशीत बर्फातच जायचं असेल, तर 850 सीसी आणि 165. 146 चपळ आहे, पण खोल बर्फात लवकर रुतते.

पट्ट्याचे दातही बघा, अडीच ते तीन इंच हवेत. आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय डोंगरात जाऊ नका, कृपा करून.