पाळी थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन घ्यावं का?

पाळी जाऊन दोन वर्षं झाली, सतत थकवा आहे, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही आणि मैत्रीण म्हणते त्वचेखाली टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषांत जास्त आणि बायकांतही थोडं असणाऱ्या हॉर्मोनची, पेलेट (दाण्याएवढी गोळी) बसवून घे, असं तुम्ही लिहिलंय. ताई, पेलेट नको. एकदा आत गेली की ती महिनोन्महिने हॉर्मोन सोडत राहते, प्रमाण जास्त झालं तरी हातात काही उरत नाही.

मी स्वतः टेस्टोस्टेरॉनचं जेल वापरते. 46व्या वर्षी माझ्या दोन्ही ओव्हरीज काढाव्या लागल्या. त्याने टेस्टोस्टेरॉन एकदम निम्म्यावर येतं. पाळी आपसूक जाते तेव्हा असं होत नाही, ते आधीपासूनच हळूहळू उतरत असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन घेऊनही इच्छा परतली नाही, तेव्हा डॉक्टरांनी हे सुरू केलं. पुरुषांच्या डोसचा जेमतेम दहावा भाग. इवलासा थेंब मांडीला चोळायचा, वाळू द्यायचा, हात साबणाने धुवायचे, कारण लहान मुलं बिलगली तर त्यांच्या अंगाला लागतं. सुरुवातीला मी रोज एकाच जागी लावायचे, तर नेमके तेवढ्याच गोलात काळे केस आले. मुरुमं येतात, डोक्यावरचे केस विरळ होऊ शकतात. खरी भीती आवाजाची. तो जाड झाला तर औषध बंद करूनही पूर्ववत होईलच असं नाही. मी गाते, म्हणून रोज सकाळी आधी वरचा सा लावून बघते.

फायदा किती? 2019 मध्ये 36 चाचण्यांचा, 8,480 स्त्रियांचा एकत्रित आढावा आला. पाळी गेलेल्या बायकांची इच्छा वाढली, मनाला लागून राहिलेला त्रास कमी झाला, समाधान देणाऱ्या संबंधांचे प्रसंग महिन्याला साधारण एकाने वाढले. मला तेवढंही खूप वाटलं. पण थकवा, मूड, हाडं यांना फायदा होतो असा पुरावा नाही. हृदय आणि स्तनांच्या कॅन्सरबद्दल दीर्घकाळाची माहिती अजून अपुरी आहे.

म्हणून थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. संबंधाच्या वेळी कोरडेपणाने दुखत असेल तर त्याचा इलाज आधी. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा मरते, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्या. एवढं करूनही जेल ठरलंच, तर सुरू करण्याआधी रक्तातली पातळी बघा, तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघा, आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना सांगून बंद करा.