आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून रत्नागिरीला गाडीने जायचंय. ते रडू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला रत्नागिरीजवळच्या गावी स्वतःच्या गाडीने जायचंय, कार सीटमध्ये ठेवलं की बाळ दहा मिनिटांत रडायला लागतं, आणि सासूबाई म्हणतात, "मांडीवर घे, गप्प बसेल." आमचंही गाव त्याच बाजूला आहे आणि दोन्ही मुलांना तान्ही असल्यापासून नेत आलोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मांडीचं बोलू. मांडीवर बाळ शांत होतं हे सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं आहे. पण चालत्या गाडीत ते नको. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर ८ किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोहून जड होऊन पुढे फेकलं जातं. कोणत्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १००० रुपये दंडही आहे. म्हणून आमच्या घरी एकच ठरलेलं आहे: गाडी चालू असली की बाळ सीटमध्ये, गाडी थांबली की मांडीवर. आणि सासूबाईंनाच मागे बाळाशेजारी बसवा. या वयात सीटचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे पुढे बसलेले आईबाबा बाळाला दिसतच नाहीत. माणूस दिसेनासं झालं की या वयाची मुलं कावरीबावरी होतात. आजीचा चेहरा समोर असला की निम्मी रडारड तिथेच थांबते. त्यांना सांगा, "आई, गाडी थांबली की मांडी तुमचीच." बघा, त्या किती आनंदाने मागे बसतील.

दहाच मिनिटांत रडतं म्हणजे सीटच टोचत असेल, अशी मला दाट शंका आहे. निघायच्या आठवडाभर आधी सीट घरात आणून हॉलमध्ये ठेवा, बाळाला त्यात बसवून खेळवा आणि नीट न्याहाळा. नवजात बाळासाठी आतमध्ये जी जादा गादी येते ती अजून तशीच आहे का? आठ महिन्यांच्या बाळाला ती बहुतेक घट्ट होते. सीटच्या पुस्तिकेत ती किती वजनापर्यंत ठेवायची ते दिलेलं असतं. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. पट्टा लावल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून बघा, घडी पकडता आली तर तो सैल आहे. मांडीखाली पट्ट्याला पीळ पडलेला असतो, तोही बघा; तो काचतो आणि बाळाला सांगता येत नाही. जाड स्वेटर घालून पट्टा लावू नका. सुती झबलं घाला, गार वाटलं तर पट्ट्यावरून दुपटं पांघरा. बाळाला उकडतंय का हे हातपाय चाचपून कळत नाही, मानेच्या मागे बोटं घालून बघा. तिथे घाम असेल तर ते रडणारच. आणि ही सीट पुढे, एअरबॅगसमोर, कधीही लावू नका.

आता वेळ. माझ्या मते खेळणी, गाणी हे सगळं नंतरचं, प्रवास बाळाच्या झोपेच्या हिशेबाने आखला की मोठं काम झालं. बाळ झोपलेलं असताना गाडी चालवायची, जागं असताना थांबायचं. कोल्हापूरमार्गे गेलात तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. एकट्याने जाताना जेवढे तास लागतात त्यात तीन तरी मिळवा आणि घरच्यांना तसंच सांगून ठेवा, म्हणजे "कुठे पोचलात?" असे फोन येणार नाहीत.

पहाटे साडेचारला निघा. झोपेतच डायपर बदला, पाजा, ढेकर काढा आणि सीटमध्ये ठेवा. खंबाटकी घाट बहुतेक झोपेतच पार होतो. साडेसहाच्या सुमाराला साताऱ्याजवळ कुठेतरी जाग येईल. तिथे पाच मिनिटांचा चहा नको, चांगला अर्धा-पाऊण तास थांबा. सतरंजी बरोबर ठेवा, हॉटेलच्या पडवीत अंथरा आणि बाळाला पालथं पडू दे, रांगू दे. तासन्‌तास एकाच स्थितीत आखडलेलं अंग मोकळं झालं की पुढची झोप आपोआप लागते. एरवीही दोन तासांवर सलग सीटमध्ये ठेवू नका, झोपलेलं असलं तरी.

कोल्हापूर सोडल्यावर मलकापूरला पुन्हा थांबून पाजा, पण पाजल्या पाजल्या आंबा घाटात शिरू नका. इतक्या लहान मुलांना गाडी सहसा लागत नाही, ओकतात ती भरल्या पोटामुळे. अर्धा तास जाऊ द्या. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा बाळाला काहीतरी चोखायला हवं असतं. चोखणी घेत असेल तर ती द्या, नाहीतर आजीने स्वच्छ धुतलेलं बोट द्यावं. चालत्या गाडीत अंगावर पाजायला मात्र काढू नका. वळणांवर एकसारख्या वेगाने चालवायला सांगा. सारखा ब्रेक आणि सारखा ॲक्सिलरेटर यानेच बाळ दचकून उठतं.

खाण्यात नवीन काहीही नको. भाजलेल्या पोह्यांची पूड घरून न्या. फ्लास्कमधल्या गरम पाण्यात कालवली की दोन मिनिटांत खाणं तयार. बरोबर केळी. वरचं दूध देत असाल तर पावडर कोरडी न्या, ऐन वेळी मिसळा, आणि बाटलीत उरलेलं तासाभराने टाकून द्या. चुरमुरे, दाणे, अख्खी द्राक्षं हातात देऊ नका. सीटमध्ये घास अडकला तर गाडी थांबेपर्यंत फार उशीर होतो.

खेळणी सगळी एकदम काढू नका. एक द्या, कंटाळलं की लपवा, दुसरं काढा. कडक, जड काही नको, ब्रेक लागला की ते उडतं. आमच्या धाकटीला सगळ्यात जास्त आवडायचा तो गाठी मारलेला सुती रुमाल. ती प्रत्येक गाठ चोखून बघायची, मग आजीच्या तोंडावर फेकायची, आजी "भॉक" करून परत द्यायची, आणि हा खेळ अर्धा तास रंगायचा. मोबाइल नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन अजिबात नको असं सांगितलंय.

इतकं करूनही रडेल. मग शेजारच्याने छातीवर हात ठेवून रोजची तीच अंगाई हळू आवाजात म्हणावी. एसीचा पंखा जरा मोठा करा, त्या घूं आवाजाने पुष्कळ मुलं निवतात. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, तर पेट्रोल पंप किंवा हॉटेल बघून गाडी आत घ्या. हायवेच्या कडेला थांबू नका, आणि चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. बाळाला डावीकडे बसवलंत तर उतरवताना रहदारीची बाजू येत नाही. तिथे सकाळी ऊन येतं, तेव्हा खिडकीला जाळी लावा, पण सीटवर कापड टाकून ती झाकू नका, आत हवा खेळत नाही.

कुणीतरी हमखास सांगेल, "सर्दीचं औषध दे, झोपून जाईल." कृपा करून देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना त्याने श्वासाचा त्रास होऊ शकतो.

बाळ झोपतं म्हणून रात्रभर चालवा, असाही सल्ला मिळेल. मला तो पटत नाही. त्या दिवसांत आंबा घाटात धुकं आणि पाऊस दोन्ही असतात, आणि चालवणाऱ्यालाही पहाटे तीनला डुलकी येतेच. जमलं तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघा, म्हणजे रस्ताही जरा मोकळा मिळेल. परततानाही पहाटेचीच वेळ धरा आणि आदल्या रात्री सीट, पट्टे, बॅग गाडीत लावून ठेवा.