पंख्याची पाती बदलण्याआधी

चिकोडी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका वाचकाने लिहिलंय: “मॅडम, २०१९ च्या महापुरात आमच्या वाडीतली म्हातारी माणसं गुळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली. त्या आठवणीपायी गेल्या वर्षी किनारपट्टीवरच्या एका कारखान्याकडून एअरबोट, म्हणजे हवेत फिरणाऱ्या मोठ्या पंख्याच्या रेट्यावर चालणारी बोट, घेतली. किंमत ११ लाख ४० हजार, त्यातले ९० हजार अजून द्यायचेत. बिल चुलतभावाच्या ‘एंटरप्रायझेस’च्या नावावर आहे. पूर नसेल तेव्हा मासेमारी आणि पर्यटकांच्या फेऱ्या मारून हप्ते फेडायचा विचार होता. ‘चार माणसं घेऊन आरामात प्लेनवर येते’ असं कोटेशनमध्ये आणि व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, म्हणजे पाण्यात न रुतता वर उठून सरपटते. दोन माणसांत येते, चौघे बसले की नाक वर करून पाणी ढकलत बसते. कारखानदार म्हणतो, पंख्याचा कोन तुमच्या खर्चाने बदला, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी संपली. रविवारी निपाणीचे मेस्त्री येणार आहेत. काय करू? पूर्ण बोट बदलून मिळेल का?”

रविवारी मेस्त्रींना बोलावू नका. फोन करून त्यांचं येणं सध्या पुढे ढकला. मेस्त्रींच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण आजच्या घडीला ती बोट जशी आहे, तशीच ती तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पाती फिरवली, टाकी सरकवली, तळाला पत्रा मारला, की मूळ दोष काय होता हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

यामागे कायदाही आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार माल ताब्यात आल्यावर खरेदीदाराने मालकासारखं काही केलं, किंवा वाजवी मुदतीत ‘मला हा माल नको’ असं कळवलंच नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. स्वीकारलेला माल साधारणपणे परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. तुम्ही बरेच महिने बोट वापरलीय, त्यामुळे संपूर्ण बोट परत देऊन सगळे पैसे मागण्याची बाजू आधीच थोडी कमजोर झालीय, हे स्पष्ट सांगते. मेस्त्रींचा पाना लागला की ती उरलीसुरलीही जाईल.

आता बोटीकडे वळू, कारण तुमची केस तिथेच ठरणार आहे. बोट पाण्यात रुतून चालते तेव्हा ती स्वतःच्याच लाटेमागे चढण चढत असते. ती चढण ओलांडून पाण्यावर सरपटू लागली की बोट प्लेनवर आली. चढणीवर पाण्याचा विरोध सर्वात जास्त असतो आणि तेवढा रेटा पंख्याने द्यावाच लागतो. चौघांत तो कमी पडतो, एवढंच आज आपल्याला कळलंय. कमी का पडतो, याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा कायद्यातला अर्थ वेगळा असतो.

पात्यांचा कोन जास्त असेल तर पंखा हवेचा मोठा घास घेतो आणि इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत (मिनिटाला किती वेळा फिरतं त्या आकड्यापर्यंत) पोचतच नाही. समुद्रकाठी कोन लावलेली बोट आपल्याकडे समुद्रसपाटीपासून पाचशेहून जास्त मीटर उंचीवर आली, तर इथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पंख्याचा रेटा दोन्ही थोडे उतरतात. तसं असेल तर ही जुळणीची चूक आहे आणि ती कारखान्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावी. पण फेऱ्या पूर्ण मिळूनही बोट उठत नसेल, तर वजन जास्त आहे, रेटा मुळातच अपुरा आहे किंवा तळ चुकलाय. तळाला मागच्या बाजूला आत वळलेला खोलगट भाग असेल तर बोटीचं नाक आणि पाण्याचा विरोध दोन्ही बिघडतात. तळातल्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर रोज काही किलो फुकट वाहता. टाकी आणि मागची सीट शेपटीकडे असेल तर चौघांत बोट मागे बसणारच. यातलं बरंचसं थेट कारखान्याच्या कामातला दोष आहे, तुमच्या चालवण्याचा नाही.

म्हणून पंधरा दिवसांत हे करा. बोट ट्रेलरवर घेऊन उसाच्या वजनकाट्यावर न्या. ट्रेलरसह एकदा, रिकामा ट्रेलर एकदा, दोन्ही पावत्या सांभाळा. कोटेशनमध्ये बोटीचं वजन दिलं असेल आणि काट्यावर शंभर किलोचा फरक दिसला, तर अर्धी केस तिथेच उभी राहते. मग वारा पडलेल्या सकाळी, नेहमी एकाच ठिकाणी, बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात चाचणी घ्या. माणसांऐवजी डेअरीच्या काट्यावर मोजलेल्या वाळूच्या गोण्या ठेवल्या तर वजनावर वाद राहत नाही आणि जीवही धोक्यात येत नाही. दोन माणसांचं वजन, तीनचं, चारचं. प्रत्येक वेळी टाकीत किती लिटर पेट्रोल होतं ते लिहा. बोट मजबूत खुंटाला बांधून पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाच्या फेऱ्या किती येतात, आणि मोकळी धावताना किती, दोन्ही मोजा. फोनवर वेग दिसू द्या. व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका तुकड्यात घ्या, मध्ये कापू नका. एक माणूस काठावर उभा राहून नोंदी लिहील. पंख्याच्या रेषेत आणि मागे कुणालाही उभं करू नका. तुटलेलं पातं किंवा उडालेला खडा अंगात घुसतो.

शक्य असेल तर जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या मेकॅनिकल शाखेच्या प्राध्यापकांना त्या दिवशी बोलवा आणि दोन पानी लेखी अहवाल घ्या. ग्राहक आयोगासमोर यंत्राचा दोष नुसत्या शपथपत्रावर सिद्ध करायला गेलात तर विरुद्ध बाजू पहिलं हेच विचारते की तज्ज्ञ कुठे आहे.

पुरावा गोळा झाला की आठ दिवसांत नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. त्यात एक परिच्छेद असा असू द्या: “सोबतच्या चाचणीनुसार चार व्यक्तींच्या वजनात बोट प्लेनवर येत नाही. आपण १५ दिवसांत आपल्या खर्चाने माणूस पाठवून दुरुस्ती करावी, अथवा मी आवश्यक बदल केल्यास वॉरंटी आणि माझे हक्क बाधित होणार नाहीत असं लेखी कळवावं. उत्तर न आल्यास मी आपल्या जोखमीवर व खर्चावर बदल करून घेईन.” या नोटिशीनंतर मेस्त्रींना आणलं तर ‘परस्पर हात लावला’ हा आरोप पुष्कळ बोथट होतो. त्यांनी काय काय बदललं याचं बिल आणि फोटो घ्या, काढलेला भाग फेकू नका. आणि त्यांना आवर्जून सांगा, कोन कमी करताना सगळी पाती समान ठेवायची. फार कमी केला तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि पातं उडतं.

उरलेले ९० हजार आत्ता देऊ नका. पण गप्पही बसू नका. माल विक्री कायद्याचं कलम ५९ सांगतं की हमीचा भंग झाला तर तो किमतीतून वजा मागता येतो. नोटिशीत तसं लिहा, नाहीतर उद्या ‘पैसे बुडवले’ म्हणून ते तुमच्यावरच दावा आणतील.

तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात होते. कोटेशनच्या तळाशी ‘सर्व वाद आमच्या शहरातल्या न्यायालयात’ असं छापलंय म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करू देतं. त्या कायद्यात ‘दोष’ या शब्दात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याइतका दर्जा नसणंही येतं, आणि व्हॉट्सॲपवरचं ‘चार माणसं आरामात’ हा दावाच आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, बोट ताब्यात आल्यापासून मोजा, म्हणजे वाद नको. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. मराठीतले मेसेज असतील तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून लावा, आपल्याकडे या एका कमतरतेवर तारखा पडतात.

अडचण एका ठिकाणी येईल: “तुम्ही बोट धंद्यासाठी घेतली, म्हणजे ग्राहक नाही.” स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वतः राबून वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरण दिलंय, एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. पण तुमच्या पत्रात एक ओळ मला खटकली. बिल चुलतभावाच्या ‘एंटरप्रायझेस’च्या नावावर आहे. त्याने जीएसटीचा इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतला असेल तर समोरचा वकील तेच पान पुढे करील. चार्टर्ड अकाउंटंटला आजच विचारा. तिथे बाजू पडली तर दिवाणी दावा उरतो, मुदत ३ वर्षांची, पण कोर्ट फी मोठी, आणि ती किनारपट्टीच्या शहराची अट तिथे भारी पडू शकते.

पूर्ण बोट बदलून मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. क्लचच्या दोषावरून संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केला, वॉरंटी फक्त दोष असलेल्या भागाची असल्यामुळे. म्हणून पहिली मागणी दुरुस्ती करून चार माणसांची क्षमता सिद्ध करून देण्याची ठेवा. ते न झाल्यास मोठा पंखा किंवा ताकदवान इंजिन बसवण्याचा खर्च, आणि तेही न जमल्यास किमतीतला फरक. तीन पायऱ्यांची मागणी आयोगाला देता येण्यासारखी असते.

अजून एक काम राहिलंय. पंखा हवेत असला तरी यंत्रावर चालणारी बोट २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा झाल्याशिवाय पर्यटक बसवू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे दुधगंगेच्या पलीकडे, शिरोळच्या गावांतही तीच बोट घेऊन जाता येईल. मेस्त्रींचे बदल ठरतील तेव्हा तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. आणि वजनकाट्याची पावती मिळाली की मला तिचा फोटो पाठवा, नोटिशीचा मसुदा मी त्यावरूनच करून देते.