ब्रेक दाबला की डावा दिवा विझतो

प्रश्न : वडिलांची १९७२ ची ॲम्बेसेडर मार्क २ आहे. जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडली होती, म्हणून डेंटिंग-पेंटिंग उरकल्यावर बाजारातून नवा सेट आणून टाकला. तो बहुधा नंतरच्या मॉडेलचा असावा, कारण ब्रेक लाइटच्या दोन वायरी पेडलपाशी लोंबत होत्या आणि माझ्या गाडीत तिथे स्विचच नाही. त्या वाढवून ब्रेकच्या पाइपवरच्या जुन्या स्विचला जोडल्या. आता उजवा दिवा झक्क लागतो. डावा दिवसा ब्रेक दाबल्यावर मंद पेटतो, आणि रात्री टेल लॅम्प चालू असताना ब्रेक दाबला की चक्क विझतो. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, स्विच बदला. बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नका बदलू. दोन्ही दिव्यांना स्विच एकच आहे, उजवा झक्क लागतो म्हणजे स्विच शाबूत आहे. शिवाय तो पाइपवरचा, तेलाच्या दाबावर चालणारा. काढला की हवा शिरणार आणि ब्रेक ब्लीड करत, म्हणजे ती हवा बाहेर काढत, बसावं लागणार.

तुमच्या डाव्या दिव्याला 'अर्थ' (अर्थिंग), म्हणजे करंटला बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, मिळत नाहीये. त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि टेलची ५-६ वॅटची. दोघींची परतीची वाट एकच : बल्बची टोपी, होल्डर, दिव्याचं घर, बॉडी. ती बंद झाली की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि टेलच्या वायरीने उजव्या दिव्याकडे, नंबर प्लेटच्या बल्बकडे पळतो. म्हणून दिवसा मंद उजेड. रात्री दोन्ही वायरींत बारा व्होल्ट, बाहेर पडायला वाट नाही, करंट वाहणार कुठे? दिवा विझतो. नुसता मंद पेटला असता तर मी म्हटलं असतं, ब्रेक आणि टेलच्या वायरींची अदलाबदल झालीय. पण विझणं हे अर्थचंच लक्षण.

आणि अर्थ का गेला, तर तुमच्या नव्या रंगामुळे. पेंटर दिव्याचे स्क्रू काढतो, भोकांसकट मस्त थर मारतो, आणि स्क्रू रंगावर बसतात. मी स्वतः एका लग्नाच्या गाडीवर अर्धा दिवस स्विच, फ्यूज, वायर सगळं उलटंपालटं केलं होतं. शेवटी पोऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर दिव्याच्या घरावरून बॉडीला टेकवला आणि दिवा लागला. त्या दिवशी चहा मी पाजला.

तुम्हीही तेच करा. एक वायर दिव्याच्या घराला लावा, दुसरं टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. ब्रेक झक्क लागला की निदान पक्कं. मग स्क्रूखालचा रंग सँडपेपरने घासा, शिवाय प्रत्येक दिव्याच्या घरापासून बॉडीपर्यंत काळी वायर थिंबल (टोकाला बसवायची धातूची कडी) लावून वेगळी ओढा. पुढचा पेंटर आला तरी ती तिथेच राहील. होल्डरमधला गंजही त्याच वेळी खरवडून घ्या.

आता तुमच्या वाढवलेल्या वायरींबद्दल. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरींच्या रंगपद्धतीत स्विचपर्यंत हिरवी येते आणि स्विचपासून दिव्यांकडे हिरव्यावर जांभळी रेघ असलेली जाते. पण बाजारच्या सेटच्या रंगावर विसंबू नका, टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा वायरीचा बल्ब) लावून बघा. इग्निशन चालू केल्यावरच हिरवीत करंट यायला हवा, आणि तो फ्यूजमधून. काही जण सोय म्हणून इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलच्या पांढऱ्या वायरीवरून जोड घेतात. तिथे फ्यूज नसतो. ब्रेकची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर पांढरी वायर जळते आणि गाडी भररस्त्यात बंद पडते. दोन दिव्यांचा भार ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर, एक स्क्वेअर एमएमची वायर पुष्कळ झाली. पीळ मारून वर टेप लावली असेल तर उघडा, सोल्डर करा, स्लीव्ह चढवा. बोनेटखालच्या उष्णतेने टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटते.

वायर पाइपलगत नेली असेल तर सायलेन्सरपासून लांब बांधा. बॅटरीचं टोक आधी काढा, हे सांगायला नको, पण सांगतो.