बॅकअपमधून फाइल गेली कुठे?

प्रश्न : माझ्या मॅकचा टाइम मशीन बॅकअप कायम चालू असतो. फेब्रुवारीत एका मंगळवारी आजीच्या ओव्या टाइप केल्या. गुरुवारी ती फाइल चुकून डिलीट झाली. मे महिन्यात बॅकअपमध्ये शोधली तर नाही. त्याहून जुन्या फाइली मात्र सापडतात. असं कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ओव्या गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. टाइम मशीन दर तासाच्या प्रती फक्त गेल्या २४ तासांच्या ठेवतं, रोजची एक प्रत महिनाभर, आणि त्यामागच्या काळाची आठवड्याला एकच. तुमची फाइल दोनच दिवस होती. त्या आठवड्याची जी प्रत टिकली, ती बहुधा या दोन दिवसांतली नव्हती. जुन्या फाइली मॅकवर कितीतरी आठवडे होत्या, म्हणून त्या सापडतात. डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रतीही पुसल्या जातात, हेही ध्यानात असू द्या.

आधी मॅकचा ट्रॅश बघा. तो रिकामा केला नसेल आणि ३० दिवसांनी आपोआप साफ करण्याचा पर्याय बंद असेल, तर ओव्या तिथे मिळू शकतील. मिळाल्या, तर त्याच दिवशी वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.