अमेरिकन नौदल पूर्वी नवशिक्या वैमानिकांना फ्लाइंग बोटवर, म्हणजे बोटीसारख्या तळावर पाण्यात तरंगणाऱ्या विमानावर, का शिकवायचं? पाण्यावर उतरणं सोपं म्हणून?

पाणी मऊ, म्हणून उतरणं सोपं, असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. उतरण्याच्या वेगाला पाणी दगडासारखं लागतं. त्यातही सगळ्यात घातक म्हणजे आरशासारखं शांत पाणी.

अमेरिकन नौदलाची कर्टिस एमएफ घ्या. १९१८ची ही बोट म्हणजे जुन्या एफ बोटीची सुधारलेली आवृत्ती. त्यातल्या ८० फिलाडेल्फियाच्या नेव्हल एअरक्राफ्ट फॅक्टरीने बांधल्या. पंखांचा विस्तार १५ मीटर, भरलेलं वजन सव्वाअकराशे किलोच्या आसपास आणि इंजिन जेमतेम १०० अश्वशक्तीचं. शिक्षक आणि शिकाऊ उघड्यावर शेजारी-शेजारी बसायचे. इंजिन त्यांच्या मागे, दोन पंखांच्या मधे उंचावर, आणि पंखा (प्रोपेलर) मागे तोंड करून.

खरी मेख या उंचावरच्या इंजिनात आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, उघडला की नाक खाली दाबलं जातं, बंद केला की वर उठतं. शिकाऊ घाबरून थ्रॉटल झटक्यात मिटतो, नाक उठतं, वेग मरतो आणि बोट आपटते. म्हणून थ्रॉटलवरचा हात आणि कंट्रोलवरचा (नाक वर-खाली करणाऱ्या दांड्यावरचा) हात एकदमच हलायला हवेत.

पाण्यातून सुटणंही सोपं नाही. १९१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूका तलावावर विमान बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसची बोट सुटेचना. तळाला आडवी पायरी दिली, तिच्यामागे हवा शिरली, तेव्हा तळ मोकळा झाला. म्हणून सुरुवातीला कंट्रोल पूर्ण मागे, वेग आला की हळूच पुढे. बोट पायरीवर चढून धावायला लागते. नाक जास्त दाबलं तर ती पुढे-मागे, नाक वर-खाली करत डुलायला लागते. तेव्हा प्रत्येक डुलकीला उलट कंट्रोल मारू नये, हात नेहमी उशिराच पोचतो आणि डुलकी वाढत जाते. कंट्रोल मागे, थ्रॉटल बंद, पुन्हा सुरुवात.

आता शांत पाणी. लाटाच नाहीत, त्यामुळे उंचीचा अंदाज येत नाही. डोळ्याला पाच मीटर वाटतं तिथे अर्धा मीटर असतो, किंवा नेमकं उलटं. नजर चांगली असेल तर जमतं, म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. नजरेचा इथे संबंधच नाही! किनाऱ्याला समांतर या, म्हणजे कडेला काहीतरी दिसत राहील. नाक जरा वर धरून थोडं इंजिन चालू ठेवा, उतरण्याचा दर अगदी कमी ठेवा आणि पाणी लागेपर्यंत काहीही बदलू नका. शेवटच्या क्षणी नाक ओढायचा मोह टाळा. टेकल्यावरच थ्रॉटल मिटा. यात लांबच लांब पाणी खर्च होतं, ते आधीच मोजून ठेवा. जवळ मोटरबोट असेल तर ती एकदा फिरवून पाणी उठवून घेणं सगळ्यात उत्तम.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: तेव्हा नौदलाचं बरंचसं उड्डाण पाण्यावरूनच होत होतं. धावपट्टी लागत नाही आणि वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करता येतं. अर्थात शिक्षणाचा सगळा भार बोटींवर नव्हता, नौदलाच्या पेन्साकोला इथल्या उड्डाण प्रशिक्षण तळावर तरंडा (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारा फ्लोट) लावलेलं एन-९ विमानही भरपूर वापरलं गेलं.

आणि हो, लाकडी तळ असलेल्या बोटीत बसण्याआधी आतलं पाणी स्पंजने टिपून काढायलाच हवं. ५० लिटर राहिलं तर ५० किलो वाढले, आणि नाक वर होताच ते सगळं शेपटाकडे धावतं.